शेक आणि भरीत

२ डिसेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, बोलणं कमी करा. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केलेल्या माणसाला हे सांगायचं! ऑपरेशन झालं तेव्हा गालात टाके होते म्हणून गप्प बसलो. आता शेक सुरू झाले, तोंड आतून सोलून निघालंय, म्हणून परत गप्प बसा. न बोललेलं सगळं पोटात साठतं आणि मग पुष्पावर निघतं. आज तिनेच बियाण्याच्या दुकानातून फुकट आलेली ही डायरी माझ्यापुढे आपटली. म्हणाली, "काय भांडायचं ते हिच्याशी भांडा. मले कामं आहेत."

बायको गेली चाळीस वर्षं माझं ऐकत आली, आता डायरीने ऐकावं.

शेक म्हणजे रेडिएशन. जळगावच्या हॉस्पिटलात सगळे पेशंट शेकच म्हणतात, मीही म्हणतो. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं. टेबलावर आडवं करतात आणि तोंडावर प्लॅस्टिकच्या जाळीचा साचा बसवून तो खाली टेबलाला अडकवतात. माझ्याच थोबाडाचा साचा, पण मलाच त्यात श्वास घेता येत नाही. दिपमाला सिस्टर म्हणते, "बाबा, पाचच मिनिटं, डोळे मिटून देवाचं नाव घ्या." देवाचं नाव घ्यायलाही जबडा हलावा लागतो म्हटलं.

आज हेमराजने मोटरसायकलवर नेलं. शेजारचा पोरगा, आता चाळिशीचा झाला तरी मला पोरगाच वाटतो. म्हणाला, "मले तसंबी जळगावले काम होतं नाना."

५ डिसेंबर, गुरुवार

ह्या गावाला झालंय काय? मंगळवारी शाळेतले सर म्हणाले, जळगावला काम आहे, बसा. काल पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, जळगावला काम आहे. आज किराणावाला दुकान बंद करून निघाला, त्यालाही जळगावलाच काम. आणि काम कसलं? मी आत शेक घेतो तोवर हे बाहेर बाकावर बसून शेंगा खातात आणि मला घेऊन परत येतात. कोणाच्या हातात साधी पिशवी नाही.

जिंदगीभर माणसं पाहून कोण कुठे उतरणार ते ओळखत आलो. मला कोणी शिकवू नये. ह्याच्यात नक्की निवडणूक आहे. मी उभा राहावं असं कोणाच्या तरी मनात असेल, किंवा मी उभा राहू नये असं. मी पुष्पाला म्हटलं तर ती पदराने तोंड पुसत आत निघून गेली.

एक झुलाल तेवढा अजून आला नाही, आणि येणारही नाही. झुलाल धुळ्याकडचा. घरजावई म्हणून आमच्या असोद्यात आला त्याला जमाना झाला, पण बोली अजून तीच अहिराणी, 'आहे'ला शे न् 'सगळ्या'ला बठ्ठा. त्याचं आमचं शेत लागून. बांधावरच्या बाभळीवरून आमचं वाजलं ते वाजलंच, आठ वर्षं बोलणं नाही. माणूस असा की लग्नात जेवायला बसला तर पहिल्या घासाला खोट काढेल आणि ती पंगतभर ऐकू जाईल.

११ डिसेंबर, बुधवार

चव गेली. थोडी नाही, समूळ गेली. सकाळी चहा प्यायलो तर कोमट पाणी. वरणाचं पाणी प्यायलो तर तेही कोमट पाणी, फक्त जाड. दिवसातून किती वेळा तरी मीठ-सोड्याच्या गुळण्या करायच्या असतात. आज पुष्पा मीठ टाकलं की नाही विसरली आणि मला विचारायला आली, मला कुठे कळतंय!

डॉक्टर म्हणतात चव परत येते, काही महिने लागतात. बरं झालं ते तरुण आहेत, त्यांना महिने सहज बोलता येतात.

वजन उतरतंय. दिपमाला सिस्टर म्हणाली, असंच चाललं तर नाकातून नळी टाकावी लागेल. मी हात जोडले.

१६ डिसेंबर, सोमवार

थकलो. दुसरा शब्द नाही. सकाळी उठून बनियान घालायचं म्हटलं तरी खाटेवर बसून विचार करावा लागतो. थुंकी घट्ट, दोरीसारखी, ओढून काढावी लागते. मान काळी पडली. गिळताना काच गिळतोय असं वाटतं.

पोराचा, नीलेशचा, पुण्याहून फोन आला, "बाबा, सुट्टी टाकून येतो." मी म्हटलं, येऊन काय करशील, माझ्याऐवजी साच्यात झोपशील? मग मलाच वाईट वाटलं, पण फोन पुष्पाच्या हातात गेला होता.

आज साच्यातून बाहेर आल्यावर मनाशी ठरवलं. निम्म्याच्या वर शेक झाले, तेवढे पुरे. आपल्याला नाही जमत.

१७ डिसेंबर, मंगळवार

गेलो नाही. हेमराज दारात गाडी चालू ठेवून उभा राहिला, मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. पुष्पाने सूप काढलं. दिवसभर तांदूळ निवडत बसली, निवडलेलेच परत निवडले.

१९ डिसेंबर, गुरुवार

तिसरा दिवस. हॉस्पिटलातून फोन आला. डॉक्टर स्वतः बोलले. म्हणाले, "भाईदास काका, मधेच सोडलं तर आजवर सोसलं ते सगळं वाया जाईल. आजार वाट पाहत बसत नाही." मी हो हो केलं. फोन ठेवल्यावर पुष्पाने विचारलं, "उद्या जाणार ना?" मी भिंतीकडे तोंड केलं.

ती म्हणाली, "माह्यासाठी जा."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी चाळीस वर्षं काय काय केलं, आता राहू दे." ती चुलीपाशी गेली आणि मला ऐकू येणार नाही अशा बेताने रडली. ऐकू आलं. कान चांगले आहेत माझे, तेवढेच चांगले राहिलेत.

२० डिसेंबर, शुक्रवार

हेमराज आला, पण गाडी न घेता. म्हणाला, "नाना, रविवारी माह्या वावरात भरीत हाय. गल्लीतले सगळे, पाहुणे धरून सत्तर-ऐंशी माणूस होईल. तुम्हाले यावं लागते."

मी तोंडाकडे बोट दाखवलं.

"खाऊ नका. पन मीठ कोन टाकीन?"

आमच्या गल्लीची ही रीत आहे. वांगी कोणीही भाजावी, कोणीही सोलावी, ठेचायला तर पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात. पण मीठ एकाच माणसाने टाकायचं. नाहीतर दहा जण येता-जाता मूठ मूठ टाकतात आणि भरीत समुद्राला जातं. आधी माझे काका टाकायचे. ते थकले तेव्हा त्यांनी भर पंगतीत मिठाचा डबा माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी असलो तर त्या डब्याला कोणी हात लावत नाही. मीच टाकतो, मीच बोटाने चाखतो, मीच म्हणतो "वाढा".

मी हेमराजला नाही म्हटलं. तो गेला. मग संध्याकाळपर्यंत डोक्यात तेच. ह्या पोरांना अंदाज नाही, ऐंशी माणसाचं भरीत म्हणजे खेळ नाही. दिवेलागणीला पुष्पाच्या हाती निरोप पाठवला की येतो म्हणावं. ती चप्पल न घालताच गेली.

२२ डिसेंबर, रविवार

आज बऱ्याच दिवसांनी माणसात बसलो.

हिरवी लांबट वांगी, एकेक हाताएवढं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता. मला विहिरीजवळ खुर्ची दिली, अंगावर शाल, डोक्याला मफलर, नवरदेवासारखा बसवला. मिरच्या भाजून लसूण घेऊन ठेचायला बसले तेव्हा शाळेतले सर शेजारी आले आणि साच्याचं विचारू लागले. बोलायचं नाही म्हणतात, पण किती दिवसांनी कोणीतरी नीट ऐकत होतं. जाळी कशी, अडकवतात कशी, आत काय वाटतं, सगळं सांगितलं. डोळ्यांना पाणी आलं माझ्या, धूर होता. सरांच्याही आलं. तेवढ्यात ठेचा वांग्यात पडला, तेल तापलं, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. हेमराज परात घेऊन आला, "नाना, चाखा." बोट बुडवलं, जिभेला लावलं. झोंबलं तेवढं कळलं. पण हात इतक्या वर्षांचा आहे, त्याला चवीची काय गरज! मी म्हटलं, "बरोबर आहे. वाढा."

केळीच्या पानावर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मी पाहत बसलो. दरवेळी भरताला किती गलका असतो, ह्याची टिंगल, त्याची नक्कल. आज पंगत इतकी शांत जेवली की विचारू नका. पहिला घास घेतला आणि सगळे माना खाली घालून खात राहिले. हेमराज प्रत्येकाच्या मागून फिरत होता, खांद्यावर हात ठेवत. लोणच्याची बरणी संपली, पापड संपले. भरतासोबत लोणचं खाणारी ही नवी पिढी. झुलाल पण आला होता, समोर बसला. तीनदा मागून घेतलं! माझ्याकडे असा पाहत होता की आता उठून भांडतोय की काय. तोंड लालबुंद. मनात म्हटलं, घे, ह्यात काढ खोट. काढता आली नाही त्याला.

म्हणजे जीभ मेली तरी हात जिवंत आहे माझा. भाईदास अजून कामाचा आहे.

उद्या शेकाला जातो.

२३ डिसेंबर, सोमवार

गेलो. डॉक्टर रागावले, आधी चार दिवसांसाठी आणि मग आल्याबद्दल पाठ थोपटली. दिपमाला सिस्टरने सगळ्यांना सांगितलं, आमचे बाबा आले.

सकाळी पुष्पा काल डब्यात आलेलं भरीत खात होती. वरून मीठ भुरभुरताना दिसली. मी पाहतोय म्हटल्यावर डबा मागे सरकवला. वयाने तिचीही जीभ गेलेली दिसते. मी काही बोललो नाही, बिचारीला वाईट वाटेल.

३० डिसेंबर, सोमवार

नळी टाकली. नाकातून घशात जाताना जीव गेला असं वाटलं. आता पुष्पा सिरिंजने दूध ढकलते, मी छताकडे पाहतो. पोट भरतं म्हणे. मला पत्ता लागत नाही.

अंगातली सगळी हवा गेल्यासारखं झालंय. पण जातोय रोज. आज गिरणीवाल्याच्या मागे बसून जाताना झोप लागली, त्याने उपरण्याने मला स्वतःच्या पाठीला बांधून नेलं. पोतं नेतात तसं.

३ जानेवारी, शुक्रवार

हेमराजच्या बहिणीची पोरगी मोहिनी, तिची हळद पंधरा तारखेला. हळदीच्या आदल्या दिवशी भरीत असतंच. मी हेमराजला म्हटलं, तोवर माझे शेकही संपतील, मीठ माझ्याकडे.

हेमराज इकडे पाहतो, तिकडे पाहतो. "नाना, तुम्ही आराम करा. थंडी हाय."

"थंडी डिसेंबरात नव्हती का?"

"तसं नही नाना. ह्या खेपेला आचारी सांगेल हाय."

भरताला आचारी! असोद्यात! मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तो पाय घासत उभा, मग गाईला पाणी दाखवायचं म्हणून पळाला.

समजलं मला. नळीवाला माणूस शुभकार्यात नको. पाहुण्यांना किळस येईल. वर तोंडाचा आजार, ह्याचं बोट भरतात नको. सरळ सांगायचं ना मग!

५ जानेवारी, रविवार

दोन दिवस कोणाशी बोललो नाही. आज पुष्पा दूध घेऊन आली, मी हात झटकला. म्हटलं, "राहू दे. उद्यापासून शेक पण बंद. ज्या गावाला माझं बोट चालत नाही, त्या गावासाठी कशाला जगू?"

ती सिरिंज हातात घेऊन उभीच. मग एकदम ओरडली. लग्न झाल्यापासून ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

"अहो, मीठच नव्हतं त्याच्यात! तुम्ही सरांशी बोलत बसले, टाकलंच नही! अन् चाखून म्हने बरोबर हाय! ऐंशी मानसानं अळणी खाल्लं. हेमराजनं एकेकाले डोळ्यानं दटावलं, कोनी बोलू नका, नानाचं मन मोडीन. तुम्ही तिकडून हसत आले. महिन्यानं हसले हो तुम्ही! मंग कोन सांगीन तुम्हाले? अन् पाहुण्यांपुढे परत तसं झालं तर तुमचीच लाज जाईन, म्हनून आचारी सांगला त्यानं."

सांगून ती जमिनीवर बसली आणि हुंदके देत राहिली.

माझा हात पण मेला तर. एवढंच कळलं मला.

७ जानेवारी, मंगळवार

कालही गेलो नाही, आजही नाही. लाज वाटते. गल्लीत कोणाच्या डोळ्यात पाहू? एकेक तोंड आठवतं. सर खाली मान घालून खाताहेत. किराणावाला लोणचं मागतोय. आणि मी खुर्चीवर शाल पांघरून राजा!

त्यांनी हसायला पाहिजे होतं. शिव्या द्यायला पाहिजे होत्या. कीव केली माझी. कीव घेऊन जगायचं म्हणजे ह्या नळीतून दूध घेण्यासारखंच, पोट भरतं आणि चव लागत नाही.

पुष्पाने आज विचारलंही नाही. तिने आपली एक पिशवी भरून दाराशी ठेवलीय. माझी हॉस्पिटलची फाईल, टॉवेल, पाण्याची बाटली. रोज भरते, संध्याकाळी उपसते. आज ती पाठमोरी दिसली तेव्हा मला वाटलं ही केवढी म्हातारी झाली. आणि मी गेल्यावर ह्या घरात ती एकटी पिशवी भरेल आणि उपसेल. मला भीती वाटते. मरायची वाटते, हे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय! जगायची पण वाटते.

८ जानेवारी, बुधवार

सकाळी दारात गाडी थांबली. हेमराजच्या गाडीचा आवाज मी ओळखतो, ही ती नव्हती. पाहतो तर झुलाल. आठ वर्षांत माझ्या दाराकडे ह्याने मान वळवली नव्हती. गाडीवरून उतरला नाही, तिथूनच म्हणाला,

"चाल, बठ. आज मन्ही पाळी शे."

मी म्हटलं, "कसली पाळी?" नळीमुळे आवाज नाकातून येतो, तरी त्याला कळलं.

"गावनी पाळी. हेमराजनी लाई दिधेल शे. एक दिन एक जन. मन्हं नाव बठ्ठास्ना शेवट टाकं, आपलं भांडन शे म्हनीसन."

म्हणजे जळगावला कोणालाच काम नव्हतं. आणि मी माणसं ओळखणारा कंडक्टर! निवडणूक म्हणे.

मी म्हटलं, "जा बाबा तू. मला कोणाची कीव नको."

तेव्हा मात्र तो उतरला. गाडी स्टँडला लावायचंही भान नाही, ती भिंतीवर टेकली. पार माझ्या खाटेपाशी आला आणि बोट नाचवत सुरू झाला. "कीव? तुन्ही कीव करू मी? त्या भरीतमा मीठ नव्हतं! चिमूटभर बी नव्हतं! पहिला घासले माले समजनं. हेमराजनी माले पोरास्नी शपथ घाली. तीनदा लिधं मी, कसाले? तोंड भरेल राहीन ते बोलता येवाव नही म्हनीसन! जिंदगीमा पहिल्यांदा गप बसनू मी. पंधरा दिन झाया, पोटमा दुखी ऱ्हायनं मन्हा!"

पुष्पा दारात आली होती. तिला हसू येत होतं की रडू, तिलाच ठाऊक.

"इतलं मोठं भरीत बिघाडं तू, आन् माले बोलाले बंदी! आते तू मरी गया ते मी हाई कोनले सांगू?" झुलालचा आवाज तिथे फाटला. त्याने मफलर माझ्या अंगावर फेकला. "आजारी मानूससंगे भांडता येत नही. बरा व्हय. बरा व्हयना का मंग भांडूत. चाल, ऊठ."

ही कीव नव्हती. कीव करणारा माणूस असा तोंड लाल करून उभा राहत नाही. माझ्यावाचून अडलेला एक माणूस माझ्यासमोर होता, आणि खरं म्हणजे ऐंशी होते. मला खूप रडू आलं, नळीमुळे नीट रडताही येत नाही. पुष्पाने पिशवी आणून झुलालच्या हातात दिली.

असोदा ते जळगाव तो बोलत होता. तेल कमी पडलं होतं. वांगी जास्त भाजली होती, करपट वास होता. पात जाड चिरली होती. शेंगदाणे खवट. बाभूळ त्याचीच होती. मी मागे त्याच्या कमरेला धरून बसलो होतो आणि एका शब्दाचं उत्तर देता येत नव्हतं. पण प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे आहे. वांगी करपली नव्हती. शेंगदाणे हेमराजच्या घरचे, ह्या सालचे. आणि बाभूळ माझी आहे, माझ्या आजोबांनी लावलेली.

साच्यात झोपलो तेव्हा आज देवाचं नाव घेतलं नाही. झुलालला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत राहिलो, तर दिपमाला सिस्टर म्हणाली, झालं बाबा, उठा.

उद्या परत शेक आहे.